छोट्या खोलीत सिनेमा बघायला छोटा प्रोजेक्टर: नेमकं काय तपासून घ्यायचं?

ओवी_र

नमस्कार मंडळी. घरी सिनेमे बघायला एक छोटा प्रोजेक्टर घ्यायचा आहे. जाहिराती वाचून वाचून डोकं भणाणलंय. तळहातावर मावेल एवढ्या डबीवर '१२,००० लुमेन्स' लिहिलेलं, आणि तिच्या दुप्पट आकाराच्या यंत्रावर फक्त ५००. 'फोर के सपोर्टेड' तर सरसकट सगळ्यांवरच. कशावर विश्वास ठेवायचा?

आमची खोली कशी आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला नेमकं सुचवता येईल. एक भिंत मोकळी आणि पांढरी आहे. दार आणि कपाट यांच्यामध्ये सव्वादोन मीटर रुंदी मिळते. समोर पुस्तकांचं शेल्फ आहे, तिथून भिंत अडीच मीटरवर. घर भाड्याचं, त्यामुळे छताला भोकं पाडता येणार नाहीत. बघायचं रात्रीच, पण खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येतो.

मुख्य गोष्ट आईची. तिला ऐकू कमी येतं, सिनेमा बघते ती सबटायटल्स वाचत. टीव्हीवरची अक्षरं तिला बारीक पडतात म्हणून खुर्ची पुढे ओढून बसते आणि मग मान अवघडते. म्हणून मोठं चित्र हवंय. पण चित्र मोठं आणि अक्षरं पुसट, असं झालं तर सगळंच वाया. गेम्स, ऑफिसची प्रेझेंटेशन्स वगैरे काही नाही. फक्त सिनेमे.


निशाचर

'१२,०००' विसरून जा. लुमेन्स म्हणजे उजेडाचं माप. आकड्याच्या पुढे 'अँसी लुमेन्स' किंवा 'आयएसओ लुमेन्स' (प्रमाणित पद्धतीने मोजलेला, बाहेर पडणारा उजेड) असं लिहिलेलं असेल तरच तो आकडा धरा. नुसतं 'लुमेन्स' किंवा 'लाइट सोर्स लुमेन्स' म्हणजे बहुतेक वेळा आतल्या दिव्याचा उजेड. भिंतीवर पडतो त्याच्या कित्येक पट जास्त.

दुसरं, पंखा. कुणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. छोट्या डब्यात छोटा पंखा असतो, तो जास्त वेगाने फिरतो आणि आवाज बारीक, कर्कश येतो. तुमचं शेल्फ बसायच्या जागेमागेच असणार, म्हणजे यंत्र डोक्याशीच. ३० डेसिबलच्या आत असेल तर बघा, आणि तो आकडा कुठल्या मोडमधला आहे तेही विचारा. इको मोडमधला आवाज छापतात आणि पूर्ण उजेडाचे लुमेन्स छापतात.


वर्कबेंच

ओवीताई, मी प्रोजेक्टर दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर रोज कुठलं ना कुठलं मशीन उघडं पडलेलं असतं. त्यामुळे मी आतून सुरुवात करतो.

आधी तो १२,००० चा प्रश्न. खोक्यावरचा आकडा वाचू नका, अ‍ॅडॉप्टरवरचे वॅट वाचा. तिथे खोटं लिहून चालत नाही. अशा डबीचा अ‍ॅडॉप्टर ६०-७० वॅटचा असतो. त्यातला काही भाग पंख्याला, बोर्डाला आणि स्पीकरला जातो, उरलेल्यावर एलईडी चालतो. छोट्या एलईडी मशीनमध्ये वॅटमागे दहा लुमेन्स भिंतीवर पोचले तरी मी ते उत्तम काम म्हणेन. आता तुम्हीच हिशोब करा.

अँसी मोजणी कशी होते तेही सांगतो, कारण ती समजली की बाकी जाहिरातींतलं पाणी आपोआप दिसतं. भिंतीवरच्या पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ सारखे चौकोन पाडायचे, प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा, नवांची सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. मधोमध लखलखीत आणि कोपऱ्यात मंद अशा मशीनला इथे लपायला जागा नाही. आणि स्वस्त मशीन बहुतेक वेळा तसंच असतं.

आता तुमच्या भिंतीला किती उजेड लागेल? डिजिटल सिनेमाच्या प्रमाणानुसार थिएटरच्या पडद्यावर पांढऱ्याचा उजेड ४८ निट्स असतो (निट म्हणजे पडदा डोळ्याला किती उजळ दिसतो त्याचं माप). काळोखात तेवढा डोळ्याला भरपूर वाटतो. घरचं गणित सोपं आहे: अँसी लुमेन्सना चित्राच्या चौरस मीटरने भागा आणि पुन्हा ३.१४ ने भागा. ८० इंची चित्र १७७ सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर उंच, म्हणजे पावणेदोन चौरस मीटर. ३०० लुमेन्सचं मशीन तिथे ५४ निट्स देईल, ५०० चं ९० निट्स. हेच १०० इंचावर नेलं तर क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर होतं, आणि ३०० लुमेन्सवाला ३५ वर घसरतो. हे सगळं मॅट, शुभ्र पडद्याचं. साध्या रंगाच्या भिंतीवर त्याहून थोडं कमी धरा. चित्र थोडंच मोठं केल्यासारखं वाटतं, पण तोच उजेड पातळ पसरतो.

तुम्ही काळोख्या गुहेत बसणार नाही, रस्त्यावरचा दिवा आहे. शिवाय आईंच्या वयाचा विचार करा. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, आत कमी उजेड पोचतो. तुम्हाला पुरेसा वाटणारा उजेड त्यांना मंद वाटेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ५०० अँसीच्या खाली उतरू नका, आणि चित्र ८०-८५ इंचांवर थांबवा. शंभरी गाठायचा मोह सोडा.

अंतराचं बघू. प्रत्येक मशीनचा थ्रो रेशो दिलेला असतो: भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. १.२ असेल तर अडीच मीटरवरून दोन मीटर आठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ९४ इंची चित्र पडतं. तुमच्या सव्वादोन मीटरच्या जागेत ते बसेल, पण ८० इंच हवं असेल तर मशीन भिंतीच्या दिशेने सुमारे चाळीस सेंटिमीटर पुढे घ्यावं लागेल, कारण बहुतेक छोट्या मशीनना ऑप्टिकल झूम नसतो. मेनूमध्ये जो झूम असतो तो पिक्सेल फेकून देऊन चित्र लहान करतो. तुमच्या शेल्फवरून न हलवता ८० च्या जवळ हवं असेल तर १.४ च्या आसपासचा रेशो शोधा. अंतर मोजताना शेल्फच्या कडेपासून नको, लेन्सपासून मोजा.

आता सबटायटल्स. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार, कारण तुमचं सगळं यावरच आहे.

'फोर के सपोर्टेड' याचा अर्थ एवढाच की मशीन फोर केचा सिग्नल स्वीकारतं. भिंतीवर काय पडतं ते नेटिव्ह रिझोल्यूशन सांगतं, म्हणजे चित्र घडवणाऱ्या आतल्या पॅनेलवर खरोखर किती पिक्सेल आहेत ते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी 'फोर के' डब्यांत ८५४ गुणिले ४८० चं पॅनेल असतं. सबटायटलची ओळ चित्राच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढी धरली तर त्या पॅनेलवर अक्षराला उभे २४ पिक्सेल मिळतात, आणि १०८० पिक्सेल उंचीच्या (फुल एचडी) पॅनेलवर ५४. इंग्रजी अक्षरं २४ मध्ये कशीबशी वाचता येतात. देवनागरीत तेवढ्यातच शिरोरेषा, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकार बसवायचा असतो. मी अशा मशीनवर मराठी ओळ लावून बघितली आहे: अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि 'ष' आणि 'प' सारखेच दिसू लागतात. ज्यांना ऐकू येतं त्यांचं यावाचून अडत नाही. आईंचं अडेल.

आणि वरची मर्यादाही सांगतो, म्हणजे उगाच जास्त खर्च होणार नाही. अडीच मीटरवरून निरोगी डोळ्याला साधारण पाऊण मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखता येतो. ८० इंची चित्रात १०८० चा एक पिक्सेल ०.९ मिलिमीटरचा, ४८० चा दोन मिलिमीटरहून मोठा, आणि फोर केचा अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला. तुमच्या खोलीत नेटिव्ह १०८० पुरे आहे. फोर केसाठी मोजाल ते पैसे उजेडावर आणि चांगल्या लेन्सवर घाला.

एक बारकावा: डीएलपी, म्हणजे इवल्या आरशांच्या चिपने चित्र घडवणाऱ्या, १०८० च्या छोट्या मशीनमध्ये बऱ्याचदा ०.२३ इंची चिप असते. तिच्यावर ९६० गुणिले ५४० एवढेच आरसे असतात आणि ते चित्र चार वेळा भराभर सरकवून १०८० पूर्ण करतं. ही फसवणूक नाही, पद्धत चांगली आहे, अक्षरं नीट येतात. फक्त मोठ्या चिपच्या मशीनइतकी धार नसते.

एलसीडी की डीएलपी? स्वस्त एलसीडी डब्यात एकच पॅनेल असतं. मागे एलईडी, मग पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी गाळणी), फ्रेनेल नावाचं चपटं भिंग, पॅनेल, पुन्हा भिंग, आरसा आणि लेन्स. पोलरायझर निम्म्याहून जास्त उजेड तिथेच गिळतो आणि त्याची उष्णता होते. अशी मशिनं माझ्याकडे दोन तक्रारी घेऊन येतात. चित्राच्या मध्यावर पिवळट-तपकिरी डाग, म्हणजे पोलरायझर भाजला. आणि काळ्या दृश्यात तरंगणारे फिकट गोळे, म्हणजे आत धूळ गेली. हवा थेट भिंगांवरून फिरवून थंड करतात, फिल्टर म्हणून जाळीचा तुकडा असतो, धूळ आत जाणारच. एलसीडी घ्यायचाच असेल तर 'सीलबंद ऑप्टिकल इंजिन' आहे का, ते विचारा. तीन पॅनेलवाले थ्रीएलसीडी वेगळे, ते फार चांगले असतात, पण सहसा एवढे छोटे नसतात.

डीएलपीलाही दुखणी आहेत. चिप म्हातारी झाली की आरसे अडकतात आणि चित्रावर पांढरे ठिपके चांदण्यांसारखे पसरतात. पण छोट्या एलईडी मशीनमध्ये चिपवर उष्णतेचा मारा कमी असतो, हे दुखणं त्यांत मी कमी बघतो.

बॅटरीवाला घेऊ नका. घरात बघणार, प्लग आहे. बॅटरीवर ही मशिनं उजेड कमी करतात, आणि काही वर्षांनी बॅटरी फुगली की माझ्याकडेच येता.


सई_म

वर्कबेंच यांनी सगळं इतकं नीट लिहिलंय. त्यात एक भर घालते, ती आईंच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

बहुतेक डीएलपी मशिनं लाल, हिरवा, निळा रंग एकामागून एक फेकतात आणि आपला मेंदू ते जोडतो. काही जणांना मात्र मान किंवा नजर हलवली की पांढऱ्या कडांना रंगीत झालर दिसते. इंद्रधनुष्य म्हणतात त्याला. हे सगळ्यात जास्त कुठे दिसतं माहितीये? काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांवर. म्हणजे नेमकं सबटायटल्सवर! आणि सबटायटल वाचणाऱ्या माणसाची नजर सतत चेहऱ्यावरून खाली आणि पुन्हा वर जात असते. माझ्या नवऱ्याला काहीच दिसत नाही, मला लगेच दिसतं आणि तासाभरात कपाळ दुखायला लागतं. एलईडीवाल्या मशीनमध्ये रंग फार वेगाने बदलतात म्हणून जुन्या दिव्याच्या, फिरत्या चाकाच्या मशीनपेक्षा त्रास पुष्कळ कमी होतो, पण माणसामाणसावर आहे. त्यामुळे घेण्याआधी आईंना घेऊन जा. त्यांनाच बसवा, काळोखातलं एखादं दृश्य सबटायटल्ससह लावा आणि निदान वीस मिनिटं बघू द्या. तुम्ही बघून चालणार नाही.

शिवाय सबटायटलचा रंग पांढराशुभ्र ठेवू नका. बहुतेक अ‍ॅप्समध्ये तो बदलता येतो. फिकट राखाडी किंवा फिकट पिवळा ठेवा, मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी लावा आणि आकार एक पायरी मोठा करा. काळोखात शुभ्र अक्षर डोळ्यात घुसतं आणि त्याच्या उजेडाने शेजारचं चित्र धुरकट होतं.


ओवी_र

मनापासून धन्यवाद! देवनागरीचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आम्ही बरेचदा मराठी सबटायटल्सच लावतो.

काही शंका उरल्यात. पडदा घ्यावा की भिंत चालेल? मशीनमध्येच अ‍ॅप्स असलेला घ्यावा का? शेल्फ भिंतीच्या मधोमध नाही, थोडं डावीकडे आहे, तर ऑटो कीस्टोनवर भागेल का? आणि आवाजाचं काय करायचं? आई हेडफोन लावते तेव्हा थोडंफार ऐकू येतं, पण मग आम्हाला ऐकू येणार नाही ना?


वर्कबेंच

एकेक घेतो.

भिंत. आधी भिंतीवरच बघा. रात्री मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, सगळे उंचवटे, पोपडे आणि ब्रशच्या रेघा सावली टाकतील. गुळगुळीत असेल आणि रंग मॅट असेल तर पडद्याची घाई नाही. चकचकीत रंग असेल तर मधोमध उजेडाचा डाग दिसेल, मग पडदा घ्या, साधा मॅट पांढरा. पण पडद्याच्या आधी खिडकीचं बघा. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. तुमच्या चित्रातला काळा म्हणजे उजेड न पडलेली भिंत, आणि तिच्यावर रस्त्यावरचा दिवा पडत असेल तर तुमचा काळा तेवढाच राखाडी. खिडकीला जाड, गडद, आरपार न दिसणारा पडदा लावा. चित्राचा पोत सुधारायला यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

कीस्टोन. 'ऑटो' शब्दावर भुलू नका. मशीन तिरकं ठेवलं की चित्र समलंब होतं, आणि कीस्टोन ते सरळ करतो म्हणजे पॅनेलवर एक लहान, उलटं समलंब आखून बाहेरचे पिक्सेल बंद करतो. उरलेल्या पिक्सेलमध्ये चित्र पुन्हा कोंबलं जातं आणि अक्षरांच्या कडा दातेरी होतात. उजेडही तेवढा वाया जातो. १०८० विकत घेऊन ते असं उधळू नका. कीस्टोन बंद ठेवा आणि मशीनच योग्य जागी आणा: लेन्स चित्राच्या मध्यरेषेवर, भिंतीला काटकोनात. शेल्फ डावीकडे असेल तर कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर ठेवा, बहुतेक छोट्या मशीनच्या तळाला त्याचा आटा असतो. उंचीचं प्रत्येकाचं वेगळं. काही मशीनचं चित्र लेन्सच्या रेषेपासून वर उठतं, काहींचं लेन्ससमोर मधोमध पडतं. माहितीपत्रकात 'ऑफसेट' बघा, त्यावरून ट्रायपॉडची उंची ठरेल.

अ‍ॅप्स. चित्र फेकणारा भाग पुष्कळ वर्षं चालतो. एलईडीचं आयुष्य २०,००० तास सांगतात, रोज दोन तास बघितलं तर सत्तावीस वर्षं झाली. आतलं सॉफ्टवेअर मात्र दोन-चार वर्षांत जुनं होतं. शिवाय मोठ्या ओटीटी कंपन्या परवाना नसलेल्या यंत्राला एचडी देत नाहीत, ४८० वरच अडवतात. तेव्हा अ‍ॅप्स नसलेलं चांगलं मशीन आणि त्याला एचडीएमआयवर वेगळी स्ट्रीमिंग स्टिक, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. स्टिकच्या सेटिंगमध्ये एचडीआर (खूप उजळ पडद्यांसाठी बनवलेला चित्राचा प्रकार) बंद करा. पाचशे लुमेन्सच्या मशीनवर एचडीआर लावला की दृश्यं बहुधा काळवंडतात. आणि 'मॅच फ्रेम रेट' चालू करा: सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या मशीनवर ती समान विभागली जात नाहीत आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. मशीन २४ हर्ट्झ घेत असेल तर हे थांबतं.

आवाज. आईंना वायरचे हेडफोन द्या, ब्लूटूथचे नकोत. ब्लूटूथचा आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. सेकंदाला २४ चित्रं म्हणजे एक चित्र ४२ मिलिसेकंदांचं, म्हणजे आवाज ओठांच्या चार-पाच चित्रं मागे. ज्याला कमी ऐकू येतं तो माणूस नकळत ओठही वाचत असतो. त्याच्यासाठी हा फरक तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त घातक आहे. सगळ्यांना एकदम ऐकायचं तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाची छोटी डबी मिळते. ती स्टिक आणि प्रोजेक्टर यांच्यामध्ये लावायची. तिच्यातून आवाज वायरने बाहेर येतो, त्याला दोन फाटे करायचे: एक आईंच्या हेडफोनला, एक तुमच्या स्पीकरला. आईंच्या फाट्यावर हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावलात तर त्यांचा आवाज वेगळा वाढवता येईल, तुमचे कान न फोडता.

सईताई म्हणतात ते अगदी खरं, आईंना घेऊनच जा. आणि तिथे मराठी मजकुराचं एक पान पूर्ण पडद्यावर लावा. मधल्या ओळीवर फोकस करा आणि मग सगळ्यात खालची ओळ वाचा. स्वस्त लेन्स मधोमध धारदार आणि कडांना पुसट असते, आणि सबटायटल नेमकं खालच्या कडेलाच येतं. खालची ओळ स्वच्छ केली की मधला चेहरा पुसट होत असेल, तर ते मशीन परत ठेवा. बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी.


निशाचर

हे पान लावून बघायचं डोक्यात ठेवतो. अजून एक: थंड असताना फोकस करून वीस मिनिटांनी पुन्हा बघा. गरम झाल्यावर काही मशीनचा फोकस सरकतो.


ओवी_र

ठरलं. नेटिव्ह १०८०, एलईडीचं डीएलपी, ५०० अँसी, थ्रो १.४ च्या आसपास, ट्रायपॉडवर. आधी जाड पडदे शिवायला टाकते. शनिवारी आईला घेऊन दोन-तीन मशिनं बघून येते.

शेवटचं एक विचारते. सिनेमा संपला की मशीन शेल्फच्या कप्प्यात पुस्तकांशेजारी सरकवून ठेवलं तर चालेल?


वर्कबेंच

चालेल, पण लगेच नाही. बटणाने बंद करा, पंखा आपणहून थांबेपर्यंत प्लग काढू नका, आणि हाताला कोमट लागायचं थांबलं की मगच कप्प्यात. चालू असताना गरम हवा निघते त्या बाजूला निदान वीतभर जागा मोकळी हवी. लेन्सला झाकण नसेल तर सुती कापड घाला. धूळ बसली तर बोटाने किंवा पदराने पुसू नका, आधी ब्लोअरने उडवा आणि मग कॅमेऱ्याच्या लेन्सचं कापड वापरा.